संहिता सहाव्या आठवड्यात

निफाड तालुक्यातल्या एका शाळेतल्या सरांचा प्रश्न आहे. सहावी-सातवीची मिळून ४३ मुलं, आणि मुख्याध्यापकांनी यंदा नाटकाची जबाबदारी सरांवर टाकली आहे. स्टेज नाही, व्हरांडा आहे. आठवड्याला दोन तास मिळतात, हातात तीन महिने आहेत. सर विचारतात, ‘मुलांना झेपेल अशी एखादी चांगली संहिता सुचवा. मुलं मोठ्यानं बोलत नाहीत, त्याला काय करू? आणि नाटक कसं शिकवायचं हे मला कुणी शिकवलेलंच नाही, तर वाचू काय?’

सर, संहिता देईन, पण आज नाही. सहाव्या आठवड्यात देईन.

मी गेली चोवीस वर्षं नाशिकमध्ये आणि आसपासच्या तालुक्यांत मुलांची नाट्यशिबिरं घेते. पहिल्याच दिवशी संहिता हातात पडली की वर्गाचे दोन तुकडे होतात, भूमिका मिळालेले आणि न मिळालेले. ज्यांचं वाचन चांगलं, आवाज खणखणीत, त्या सहा-सात मुलांना बोलायला मिळतं. वक्तृत्वाला तीच असतात, सूत्रसंचालनाला तीच, आणि आता नाटकातही तीच. बाकीची मुलं ‘गावकरी’ होतात. आणि जी बोलतात त्यांचंही फार भलं होत नाही. वाक्याच्या शेवटी हेल, तोंड प्रेक्षकांकडं, उजवा हात खांद्याच्या वर. हे मुलं घरून शिकून येत नाहीत, आपण ‘असं म्हण’ म्हणत करून दाखवतो त्यातून उचलतात.

मीही हे केलेलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका शाळेसाठी जंगलातल्या प्राण्यांचं नाटक बसवलं होतं. बोलणारे प्राणी आठ आणि मागं हत्तींचा कळप. बारा मुलांना एकाच साच्यातले पुठ्ठ्याचे मुखवटे घातले होते. प्रयोग झाल्यावर एक आई भेटली. सातपूरच्या कारखान्यातून अर्धी रजा टाकून आली होती. तिनं विचारलं, ‘बाई, आमचा मधला हत्ती होता का कडंचा?’ मलाही सांगता आलं नाही. मुखवटे मीच लावले होते आणि मलाच ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून मी एक नियम पाळत आले आहे : कुठल्याही मुलाच्या आईला किंवा बापाला आपलं मूल स्टेजवर शोधावं लागता कामा नये. ४३ मुलं असली तरी हा नियम पाळता येतो. फक्त त्यासाठी नाटकाची सुरुवात संहितेपासून करता येत नाही.

मग पहिले सहा आठवडे करायचं काय?

पहिला तास चालण्याचा. अर्धी मुलं व्हरांड्यात चालतील, अर्धी भिंतीला टेकून बघतील. चालणाऱ्यांनी कुणाला धक्का द्यायचा नाही आणि एकही कोपरा रिकामा ठेवायचा नाही. खंजिरीवर थाप पडली की थांबायचं, पुन्हा पडली की चालायचं. बघणाऱ्यांनाही काम द्या, कोणता कोपरा ओस पडला ते त्यांनी सांगायचं. दहा मिनिटांनी खंजिरी खाली ठेवा. आता कुणीही एकानं आपणहून थांबायचं आणि ते जाणवलं की बाकीच्यांनीही थांबायचं. कोण थांबणार हे ठरवायचं नाही, बोलायचं नाही. पहिल्या दिवशी गोंधळ होईल. चौथ्या-पाचव्या तासाला वीस मुलं एका श्वासात थांबतील, आणि तुमच्या अंगावर काटा येईल. तालमीत आपण ज्याला ‘एकमेकांचं घेणं’ म्हणतो, ते हेच.

त्यानंतर स्थिरचित्रं. सहा-सहाचे गट करा आणि एक ओळ द्या : ‘एसटी आली, पण थांबली नाही.’ प्रत्येक गटानं तीन चित्रं करायची, एसटी येण्याआधीचं, निघून जातानाचं आणि गेल्यानंतरचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. या तीन चित्रांत गोष्टीची सगळी हाडं असतात. कोणाला काय हवं होतं, काय आडवं आलं आणि आता काय, हे मुलांना व्याख्या न सांगता समजतं.

व्हायोला स्पोलिन या अमेरिकन बाईंनी शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांबरोबर काम करता करता असे शेकडो खेळ रचले. त्यामागची दृष्टी तुम्हाला रोज उपयोगी पडेल. मुलाला ‘दुःखी हो’ असं सांगायचं नाही, त्याला सोडवायला काहीतरी द्यायचं. ‘डोक्यावर काठोकाठ भरलेलं घमेलं आहे आणि समोरून ओळखीचं माणूस येतंय.’ एवढं पुरतं. मूल घमेलं सांभाळायच्या नादात स्वतःला विसरतं आणि तिथंच खरं दिसायला लागतं.

तुमच्या भागातलंच एक उदाहरण सांगते. कांद्याच्या पट्ट्यातल्या एका शाळेत शिबिर होतं. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, मला लिलाव बघायचाय, दाखवा. मुलांनी क्षणात बाजार उभा केला. चार जण ट्रॉली झाले, दोन जण व्यापारी, एक जण पुकारा करणारा. ‘अकराशे... अकराशे दहा... पंचवीस... पंचवीस...’ तो ठेका मला आयुष्यात बसवता आला नसता. व्यापारी झालेल्या मुलीनं न दिसणारा कांदा उचलला, अंगठ्यानं दाबला, मानेपाशी बघितला आणि परत टाकला. तिच्या घरी रोज घडणारी गोष्ट होती ती. मग म्हटलं, आता हेच सगळं, पण एकही शब्द न बोलता.

त्या गटात एक मुलगी होती. तीन दिवस तिनं तोंड उघडलं नव्हतं, नाव विचारलं तरी शेजारणीकडं बघायची. शब्द काढून घेतल्यावर ती आपणहून पुढं आली आणि ट्रॉलीवर बसली, माल विकायला आलेल्या बापासारखी. लिलाव संपला, तिच्या हातात पट्टी आली, विकलेल्या मालाच्या हिशेबाची चिठ्ठी. तिनं ती वाचली, चार घड्या घातल्या, आतल्या खिशात ठेवली, गुंडी लावली. दोन पावलं गेली, थांबली. गुंडी काढून पट्टी पुन्हा उघडून पाहिली. आकडा बदललाय का, म्हणून. व्हरांड्यात कुणी हललं नाही. सर, हे कुठल्याही संहितेत लिहिलेलं नव्हतं आणि मी सांगून कुणाकडून करून घेऊ शकले नसते. पुढं त्या शाळेचं नाटक याच घड्या घातलेल्या पट्टीभोवती उभं राहिलं आणि ती मुलगी त्यात बोललीही.

पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत अशी वीस-पंचवीस दृश्यं तुमच्यापाशी जमतील. प्रत्येक तास संपला की वहीत टिपून ठेवा, कोणी काय केलं, कोणतं वाक्य आपोआप आलं. ती वही तुमचं सगळ्यात मोठं साधन आहे.

आता तुमच्या स्वतःच्या तयारीचं. एक पद्धत आधी शिकून घ्या, शिक्षकानं स्वतः भूमिकेत शिरण्याची. इंग्लंडमधल्या डोरोथी हीथकोट या शिक्षिकेनं ती रुजवली. मी खांद्यावर एक पंचा टाकते आणि आधीच सांगते, ‘हा पंचा खांद्यावर आहे तोवर मी तुमची बाई नाही. काढला की बाई.’ मग मी पत्ता पुसलेलं पत्र घेऊन आलेला नवा पोस्टमन होते. मला गाव माहीत नाही, मला मदत हवी आहे. जी मुलं माझ्या प्रश्नाला कधी हात वर करत नाहीत, ती पोस्टमनला गल्लीबोळ समजावून सांगायला लागतात. गोम अशी की भूमिका अडलेल्या माणसाची घ्यायची. तुम्ही राजा किंवा साहेब झालात तर खुर्ची बदलते, सत्ता तीच राहते. अडलेला माणूस झालात तर वर्ग जाणता होतो.

इतिहासाच्या तासालाही ही पद्धत कामी येते, पण इथं एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. नाशिकच्या शाळांत काळाराम मंदिर सत्याग्रहावर नाट्यीकरण बसवतात. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथं सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यातले बिनीचे कार्यकर्ते होते. हा विषय मुलांसमोर यायलाच हवा. पण वर्गातल्या अमुक मुलांना दारात अडवलेले करायचं आणि तमुक मुलांना अडवणारे, हे करू नका. गावात कोण कोणाच्या घरातलं हे मुलांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. ज्या घरानं तो अपमान सोसला, त्या घरातल्या मुलाला वर्गासमोर तोच पुन्हा सोसायला लावायचा अधिकार आपल्याला नाही. त्याऐवजी सगळ्यांनाच एका बाजूला उभं करा. सगळे वार्ताहर आहेत, उद्याच्या अंकासाठी बातमी लिहायची आहे, मथळा काय देणार? किंवा सगळे मिळून तिथं लावायच्या फलकावरचा मजकूर ठरवताहेत, ५० शब्दांत. वाद होतील, कडाक्याचे होतील, आणि कुणाचीही मान खाली जाणार नाही.

आवाजाबद्दल. ‘मोठ्यानं बोल’ म्हटलं की मूल गळा ताणतं आणि दोन दिवसांत घसा बसतो. मैदानाच्या दोन टोकांना जोडीजोडीनं उभं करा आणि एकमेकांना निरोप पाठवायला सांगा, ओरडून नव्हे, पोचवून. निरोप असा द्या की त्याचं उत्तर आल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आवाज आपोआप पोटातून निघायला लागतो, कारण समोरच्यापर्यंत काहीतरी न्यायचं आहे. मराठी बोलताना शेवटचं अक्षर गिळायची खोड सगळ्यांनाच असते. ‘जातोय’ मधला ‘य’, ‘पाऊस’ मधला ‘स’ पोचला की निम्मं काम होतं. आणि व्हरांड्यात नट नेहमी भिंतीकडच्या बाजूला, प्रेक्षक मैदानात असे बसवा. भिंत आवाज पुढं फेकते. उलटं केलंत तर मागच्या रांगेला काही पोचणार नाही. भाडोत्री माइकच्या नादी लागू नका. चार माइक टांगले की मुलं त्याखाली जाऊन उभी राहतात आणि सगळ्या हालचाली मरतात.

भाषा त्यांचीच राहू द्या. ‘काय करून राह्यला’ हे ‘काय करतो आहेस’ करायची घाई नको. तुमच्या वर्गात पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागेच्या कामाला आलेल्या घरांतली मुलंही असतील, त्यांची बोली वेगळी असेल. नाटकात तिला जागा करून द्या, पण हशा पिकवायला तिचा वापर करू नका.

त्या मुलांकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांच्यातल्या काहींनी गावाकडं बोहाडा पाहिलेला असतो. संबळाच्या तालावर, रात्रीच्या रात्री, एकामागून एक सोंगं निघतात. मुखवटा घातला की चाल बदलते, खांदे बदलतात, माणूसच बदलतो. त्यांना विचारा, हे सोंग कसं चालतं, ते कसं वळतं. पण मुखवटा वर्गात आणा असं म्हणू नका. तो त्यांच्याकडं पूजेचा असतो, नेपथ्याचं सामान नव्हे. आपल्या नाटकाला हवा असेल तर कागदाच्या लगद्याचा वेगळा करा, प्रत्येकाचा वेगळा. नाशिक शहरात धुळवडीला वीर निघतात, लहान मुलांना देवांचे वेश करून मिरवतात. वेश चढवून चारचौघांत फिरण्याचा पहिला अनुभव इथल्या कितीतरी मुलांनी असाच घेतलेला असतो. ‘आमच्या मुलांना नाटकाची पार्श्वभूमी नाही’ हे शिक्षकांचं वाक्य मी खूपदा ऐकते आणि दर वेळी मला वाईट वाटतं.

आता संहितेकडं येते.

‘बालनाट्य’ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक, मोठ्या आणि तयार नटांनी मुलांसाठी केलेलं नाटक. दुसरं, मुलांनी स्वतः केलेलं. मराठीत पहिल्याची परंपरा मोठी आहे. सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून आल्या आणि १९५९ मध्ये त्यांनी रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ आजही थिएटर भरतं. पुण्यात थिएटर अकादमीनं १९८६ मध्ये बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत मराठीत आणली. त्यात मोठे नट लहान मुलांच्या भूमिका करतात आणि विषय मुलांच्या रोजच्या जगण्यातले असतात. ही नाटकं मुलांना दाखवा, जरूर दाखवा. पण चेटकिणीच्या गुहेसाठी लागणारं नेपथ्य आणि प्रकाशयोजना व्हरांड्यात आणायला गेलात तर सगळे पैसे पुठ्ठ्यात आणि रंगात जातील, आणि मुलं मागं उभी राहतील.

तुम्हाला हवी आहे दुसऱ्या प्रकारची संहिता. निवडताना एक साधी कसोटी लावा. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक पानाच्या कडेला, त्या पानावर किती मुलं काहीतरी करताहेत तो आकडा लिहा. बोलणं मोजू नका, करणं मोजा. सलग तीन पानं आकडा चारच्या खाली असेल तर ती संहिता ४३ मुलांची नाही. जिथं गाव, बाजार, वर्ग, कळप हाच नायक आहे, ती तुमची. विजय तेंडुलकरांनीही मुलांसाठी नाटकं लिहिली आहेत, ती वाचा. गप्प बसलेलं मूलसुद्धा तिथं माणूस म्हणून कसं उभं केलंय ते बघा. आणि सहाव्या आठवड्यात तुमची वही एवढी भरलेली असेल की कदाचित छापील संहितेची गरजच वाटणार नाही. त्या वीस-पंचवीसांतून दहा दृश्यं निवडायची, ती जोडणारं एक गाणं मुलांकडूनच करून घ्यायचं, पस्तीस-चाळीस मिनिटांचं नाटक उभं राहतं.

दुसऱ्याची संहिता घेतलीत तर परवानगीचं विसरू नका. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. शाळेच्या उपक्रमात शाळेतल्याच मुलांनी-शिक्षकांनी, शाळेतली माणसं आणि पालक यांच्यापुरता केलेला प्रयोग असेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात त्याला सवलत आहे. स्पर्धा, तिकीट किंवा बाहेरचा प्रेक्षक आला की लेखकाचं किंवा वारसांचं लेखी पत्र घ्यायचं. सार्वजनिक प्रयोगाला, संहिता आधी तपासणाऱ्या शासनाच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं, स्वतः रचलेल्या नाटकालासुद्धा. हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकलं की धावपळ होते.

वाचण्याचं म्हणाल तर आधी बालभारतीची पुस्तकं, पहिलीपासून आठवीपर्यंतची, सगळ्या विषयांची, एका बैठकीत चाळा. सगळी ऑनलाइन मोफत आहेत. नाट्यउतारेच शोधू नका; भूगोलातला पाण्याचा धडासुद्धा दृश्य देतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याबरोबर एनसीईआरटीनं कलाशिक्षणावर एक टिपण काढलं, त्यात नाटक ही कलाशिक्षणाची एक मुख्य शाखा म्हणून मांडलीय. मुख्याध्यापकांशी तासिकांसाठी बोलताना ते हाताशी ठेवा. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात १९८९ पासून मुलांबरोबर काम करणारी ‘संस्कार रंग टोली’ आहे, तिचं काम मिळेल तिथं बघा. आणि नाशिकला आलात की सार्वजनिक वाचनालयात जा. १८४० चं वाचनालय आहे, नाटकांच्या कपाटापाशी एक अख्खी दुपार काढा. महाकवी कालिदास कलामंदिरात नाटक असेल तेव्हा जमतील तेवढी मुलं घेऊन या. प्रयोगाआधी विंगेत जाऊ देतात का ते विनंती करून बघा. दोऱ्या, दिवे, नटांच्या चपला जिथं ठेवलेल्या असतात ती जागा बघितली की मुलांचा स्टेजशी परिचय होतो, भीती कमी होते.

साहित्याची एक पत्र्याची पेटी करा. सहा जुन्या साड्या, चार काठ्या, दोन गोणपाटं, एक घमेलं, एक खंजिरी, दोन पंचे. साडीची नदी होते, भिंत होते, पाळणा होतो. माझी पेटी अजून तीच आहे.

बालनाट्य स्पर्धेत उतरायचं असेल तर खुशाल उतरा. राज्य शासनाची स्पर्धा नाशिक केंद्रावरही होते आणि मोठ्या रंगमंचावर उभं राहण्याचा अनुभव मुलांना मिळतो. मात्र तालमीत ‘तुझ्यामुळं नंबर जाईल’ हे वाक्य तुमच्या तोंडून येता कामा नये. चुकलेल्या मुलाला सगळ्यांसमोर नकला करून दाखवायच्या नाहीत. काळोखाला घाबरणारं एखादं मूल असतंच, ब्लॅकआऊटमध्ये त्याच्या शेजारी कोण उभं राहणार हे ठरवून ठेवा. तालीम ठरलेल्या वेळेला सोडा. मळ्यात राहणारी मुलं अंधारात पायी घरी जातात.

रंगीत तालमीला पालकांना बोलावू नका, पहिलीची मुलं बोलवा. सतरंजीवर अगदी पुढं बसवा. तुम्ही नाटक बघू नका, त्या मुलांकडं बघा, हातात संहिता आणि पेन्सिल घेऊन. ती मातीत बोटानं रेघा ओढायला लागली, शेजाऱ्याची टोपी ओढायला लागली की त्या क्षणी चाललेल्या वाक्यापाशी फुली मारा. मान वर करून, तोंड उघडं ठेवून बघायला लागली की टिक. जिथं फुल्या तिथं वाक्यं कापायची, मुलांना विचारून. बहुतेक वेळा ती वाक्यं आपणच, मोठ्यांनी, काहीतरी शिकवायच्या हेतूनं घातलेली असतात.

सहाव्या आठवड्यात तुमची वही घेऊन या. ती उघडून बसू, मग संहितेचं बोलू.